घास पोटात गेल्यावर

मला भूक लागायची. हे आधीच सांगून टाकते, कारण जवळजवळ वर्षभर ते कुणाला खरं वाटत नव्हतं. बाई जेवत नाही म्हणजे तिची भूक मेली असणार, नाहीतर तिच्या मनात काहीतरी असणार, असंच सगळे धरून चालले होते. मला मात्र तव्यावरच्या भाकरीचा वास आला की तोंडाला पाणी सुटायचं. आणि ताट समोर आलं की पोटात गोळा यायचा. तो भुकेचा नव्हता, भीतीचा होता.

मी वडूजची. घरातच शिलाईचं काम करते. ब्लाउज, परकर, शाळेचे ड्रेस. आमचे हे सैन्यात ड्रायव्हर होते, हवालदार म्हणून रिटायर झाले. एकच मुलगा, विकास. तो शिरवळला कंपनीत आहे आणि सुट्टीला घरी येतो. त्याचं लग्न झालं, सून स्वाती घरात आली आणि त्याच सुमाराला माझं दुखणं सुरू झालं. घरात नवी सून आणि सासूनं जेवण सोडलेलं. बघणाऱ्याला दुसरं काय वाटणार?

मागची पडवी

सुरुवात साधी होती. जेवून उठलं की भांडी आवरेपर्यंत काही नसायचं. मग बेंबीच्या वर, आत खोल, कुणीतरी ओलं लुगडं पिळावं तसं पिळायला लागायचं. कळ पाठीत जायची. कपाळावर घाम यायचा. मी मागच्या पडवीत जाऊन गुडघे पोटाशी घेऊन पडायचे. तास-दीड तासानं दुखणं आपलं आपण ओसरायचं. पोट रिकामं झालं की पुन्हा भूक.

आधी ॲसिडिटी म्हटलं. गोळ्या घेतल्या. तिखट सोडलं, मग चहा सोडला, मग डाळ. काहीही सोडून फरक पडेना. एकच गोष्ट कळली, की कमी खाल्लं तर कमी दुखतं. मग दोन भाकरींची एक झाली, एकीची अर्धी, अर्धीची चतकोर. दर थोड्या दिवसांनी मी माझ्याच ब्लाउजच्या शिवणी आत घेत होते. शेवटी इतकं कापड आत गेलं की बाही नीट बसेना, तेव्हा नवीनच बेतले, स्वातीच्या मापाचे. तेही पुढं सैल झाले.

माझ्या नणंदबाई म्हसवडला असतात. त्या एकदा आल्या आणि माझ्या ताटातली उरलेली भाकरी बघून हसत म्हणाल्या, "का गं, सुनंच्या हातचं ग्वाड लागंना व्हय तुला? आमच्या आईनं तुझ्या हातचं करपलेलं पन खाल्लं हुतं."

स्वाती तिथंच पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिनं तांब्या ठेवला आणि आत गेली. मी मागोमाग गेले तर ओट्याकडं तोंड करून रडत होती.

"आत्या, माझ्या हातचं नको वाटत असंल तर तसं सांगा. मी शिकीन."

"न्हाई गं. पोट दुखतं माझं."

"मग तुमचा भाऊ आलता तवा भाकरी खाल्ली की तुमी. अख्खी."

खाल्ली होती. भाऊ लांबून आलेला, त्याच्यासमोर नको कसं म्हणायचं? तो गेल्यावर पडवीत तोंडात पदर कोंबून पडले होते, ते तिनं पाहिलं नव्हतं. कुणीच पाहिलं नव्हतं. आपल्या दुखण्याचा बोभाटा करायचा नाही, असं मी लहानपणापासून शिकलेली. आमच्या माहेरी मेंढरांमागं रानोमाळ हिंडणाऱ्या बायका. पोट दुखतं म्हणून कुणी थांबायचं नाही. तीच सवय मला नडली.

सगळं नॉर्मल

साताऱ्याला नेलं. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, घशातून दुर्बीण घालून पोट पाहिलं. दुर्बिणीच्या वेळी ह्यांचा चेहरा पांढरा पडला होता. घरात कुणी तो शब्द उच्चारत नव्हतं, पण सगळ्यांच्या मनात कॅन्सरच होता. विकास फोन आला की बाहेर जाऊन बोलायचा. मी खोलीत शिरले की बोलणं थांबायचं.

सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. ह्यांनी खाली येऊन दोन कप चहा मागवला आणि सैन्यातल्या सवयीनं म्हणाले, "सब ठीक! काय झालेलं नाही तुला." मला आनंद व्हायला पाहिजे होता. पण चहा समोर होता आणि मी विचार करत होते, हा प्यायला तर एस्टीत दुखेल का?

पुन्हा दाखवलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी घरात काही ताण आहे का विचारलं. सगळ्यांनी स्वातीकडं पाहिलं. मन शांत राहावं म्हणून गोळ्या मिळाल्या. त्या घेऊन मी दिवसभर झोपायचे, आणि झोपलेलं माणूस जेवत नाही म्हणून दुखणंही कमी वाटायचं. महिन्याभरानं उठून उभी राहिले तर भिंत धरावी लागली.

एका रविवारी विकास घरी असताना ह्यांनी स्वतः ताट वाढलं. दोन चपात्या, भात, आमटी, वांगं. समोर मांडी घालून बसले.

"आज हे संपवायचं. ऑर्डर समज."

"आवं, दुखतं."

"रिपोर्ट समदे ठीक हायत. डॉक्टर काय येडा हाय का?"

आवाज चढलेला नव्हता. घाबरलेल्या माणसाचा आवाज होता तो, हे मला आता कळतं. मी जेवले. खरं सांगते, पहिले घास इतके गोड लागले की डोळे भरून आले. भुकेलेली होते मी, महिनोन्महिने भुकेलेली. सगळं ताट संपवलं. ह्यांचा चेहरा उजळला. विकास स्वातीकडं बघून हसला.

मी मात्र रिकामं ताट बाजूला सारलं. पुढं काय येणार ते मला माहीत होतं.

ते आलं. पडवीपर्यंत जायला जमलं नाही. तिथंच फरशीवर लोळले. ओकारी झाली, तरी कळ थांबेना. विकासनं हात धरले, ह्यांनी पाय दाबले, पण दुखणं कुठं हातापायात होतं? स्वाती माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि ह्यांना म्हणत होती, "असं रोज हुतं का ओ ह्यांना? रोज?"

कळ ओसरली तेव्हा हे माझ्याशेजारी जमिनीवरच बसले होते. "मला काय ठावं गं," म्हणत होते. "मला काय ठावं."

सांगलीतला एक प्रश्न

विकासच्या कंपनीतल्या कुणीतरी सांगलीतल्या पोटाच्या डॉक्टरीणबाईंकडं जायला सांगितलं. गाडीत मी मागं आडवी, डोकं स्वातीच्या मांडीवर. विट्याच्या पुढं रस्त्याकडेला भज्यांची गाडी लागली, वास आला आणि मला रडू फुटलं. कुणी कारण विचारलं नाही.

बाईंनी जुने रिपोर्ट बाजूला ठेवले आणि मला विचारलं, "तुम्हाला भूक लागत नाही, की भूक लागते पण खायला भीती वाटते?"

वर्षभरात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यातल्या दुसऱ्यावर मी मान हलवली. मग स्वातीच बोलली. "बाई, रिकाम्या पोटी त्या चांगल्या असतात. शिवतात, हसतात. जेवल्यावरच हुतं. आणि जेवढं खातील तेवढं हुतं."

बाईंनी माझ्या पोटावर स्टेथोस्कोप ठेवला आणि बराच वेळ डोळे मिटून ऐकत राहिल्या. मग विचारलं, "तंबाखू?"

"न्हाई."

"मिसरी?"

मिसरी म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड. दातांना लावायची. आमच्याकडं पोरींना परकरी वयापासून तिची सवय लागते आणि तिला कुणी तंबाखू म्हणत नाही. मी म्हटलं, लावते, दिवसातून चार-पाच वेळा. बाई रागावल्या नाहीत. फक्त "आजपासून बंद" म्हणाल्या.

शिरेत औषध सोडून सीटी स्कॅन काढला. ते औषध अंगात शिरताना गरम पाणी ओतल्यासारखं वाटतं. कुणाची वेळ आली तर घाबरू नका, क्षणात जातं. संध्याकाळी बाईंनी आम्हाला बोलावलं आणि पडद्यावर बोट ठेवून सांगितलं. आतड्यांनाही रक्त लागतं. जेवल्यावर जास्त लागतं. ते नेणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या तीन. "तुमच्या दोन बंद झाल्यात. तिसरी बारीक झालीय. तिच्यावर तुम्ही इतके दिवस काढलेत. जेवलं की आतड्यांना रक्त पुरत नाही, म्हणून ती कळ."

"म्हंजे कॅन्सर न्हाई?" ह्यांनी विचारलं.

"नाही."

ह्यांनी हात जोडले. विकास खुर्चीत मागं टेकला. मला वाटलं, आता ऊठ, घरी चल. बाईंनी आम्हाला जरा सावरू दिलं आणि मग म्हणाल्या, "पण आनंद करू नका इतक्यात. हृदयाचं रक्त थांबलं की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. इथलं थांबलं तर आतडं काळं पडतं. मग आमच्या हातात फार वेळ उरत नाही. यांना आता घरी नेऊ नका."

मी माझ्या पोटाकडं पाहिलं. वरून काही दिसत नव्हतं. साडीच्या निऱ्या होत्या, बस.

तार पुढं जाईना

पहिल्यांदा हातातून तार घालून बंद वाहिनी उघडायचा प्रयत्न झाला. ते जमलं तर जाळी बसवतात आणि पोट उघडावं लागत नाही. मी जागी होते. डॉक्टर आपसात हळू बोलत होते. बोलण्यात थांबे वाढत गेले, तेव्हाच मला कळलं. बाहेर आल्यावर सर्जन म्हणाले, "तार पुढं जाईना. आत चुन्यासारखं घट्ट झालंय. बायपास करावा लागेल."

म्हणजे पोट उघडायचं, मांडीतली एक शीर काढायची आणि पोटातल्या मोठ्या धमनीपासून आतड्याच्या वाहिनीपर्यंत नवी वाट जोडायची. कापड कमी पडलं की जोड कसा देतात ते मला ठाऊक होतं. जोड उसवतो कसा, तेही ठाऊक होतं.

घरात फाटे फुटले. नणंदबाई फोनवर रडत होत्या, "पोट फाडू नगासा, तिच्यात राहिलंय काय?" विकासला पुण्याला न्यायचं होतं. ह्यांनी ताट पुढं केलं त्या दिवसापासून हे माझ्या बाबतीत कुठलाच निर्णय घ्यायला घाबरत होते. सगळे माझ्या खाटेभोवती उभं राहून माझ्या डोक्यावरून बोलत होते.

सर्जन आले तेव्हा मीच विचारलं, "वाचंन का मी?"

"बहुतेक वाचाल. खात्री देणारा कुणी भेटला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. तुमचं वजन फार उतरलंय, म्हणून धोका जास्त आहे."

"आणि न्हाई केलं तर?"

"तर वाट बघत बसायचं. किती दिवस, ते मला सांगता येत नाही."

मी ह्यांच्याकडं पाहिलं. मग म्हटलं, "करा. मला जेवायचंय."

पांढरं सलाईन

लगेच केलं नाही. आधी अंगात ताकद भरायला मानेजवळच्या शिरेतून दुधासारखं पांढरं सलाईन लावलं. तोंडानं फक्त घोट-घोट पातळ. हे दिवस मला ऑपरेशनपेक्षा जड गेले. दिवस सिस्टरच्या थर्मामीटरनं सुरू व्हायचा. मग झाडू, मग रक्त, मग मोठ्या डॉक्टरांचा राउंड. जरा पोटात हललं तरी मला वाटायचं, हेच ते, काळं पडायला लागलं. दहादा सिस्टरला बोलवायचे. ती प्रत्येक वेळी येऊन पोट दाबून बघायची आणि "मऊ आहे, काकू" म्हणायची. त्या 'मऊ आहे' वर माझा पुढचा तास जायचा.

त्याच दिवसांत कुपवाडच्या कारखान्यातल्या एका वेल्डरला आणलं. माझ्यासारखंच दुखणं, पण त्याला एकाएकी आलेलं. पोटाच्या गोळ्या घेत दोन दिवस घरीच काढले होते. त्याचं पुष्कळसं आतडं काढावं लागलं. त्याची बायको व्हरांड्यात स्वातीच्या शेजारी बसायची. एका सकाळी ती जागा रिकामी दिसली. स्वातीला विचारलं तर म्हणाली, "दुसऱ्या वॉर्डात हलवलं." मान वर न करता म्हणाली, म्हणून मला कळलं.

त्या दुपारी स्वातीनं माझे केस धुतले. खाटेच्या कडेला डोकं काढून, खाली बादली, तांब्यानं कोमट पाणी. नळ्या भिजू नयेत म्हणून तिनं टॉवेल गुंडाळला होता. पाणी ओतता ओतता म्हणाली, "आत्या, एक सांगू? मी आईला म्हटलं हुतं, मला शिरवळला खोली करून द्यायला सांग ह्यांना. इथं माझं जेवन कुणाला गोड लागत न्हाई."

"बरोबर म्हणालीस."

"तुमी मला सांगायचं हुतं. पडवीत काय हुतं ते."

"कुनालाच सांगितलं न्हाई गं."

"मी कुनी नव्हते."

पाणी कानात गेलं म्हणून मी डोळे मिटले, असं तिला वाटलं असेल.

रक्त लागणार होतं. माझा धाकटा भाऊ नामदेव त्या दिवसांत मेंढरं घेऊन मिरजेकडच्या एका मळ्यात उतरला होता. निरोप मिळाला तसा मेंढरं बायकोवर सोपवून आला. खांद्यावर घोंगडं, पायात धुळीनं भरलेल्या वहाणा. वॉचमननं दारात अडवलं तर त्याला म्हणाला, "गड्या, माझी भन आत हाय. घोंगडं ठिवतो तुझ्यापाशी, मला सोड." रक्त देऊन माझ्यापाशी आला, हात दाखवून म्हणाला, "आक्का, आता माझं रगात हाय तुझ्यात. घाबरायचं काम न्हाई." आणि स्वतःच डोळे पुसायला लागला.

नळ्या

ऑपरेशनच्या सकाळी ह्यांनी माझं मंगळसूत्र आणि जोडवी रुमालात बांधून खिशात ठेवली. स्ट्रेचरबरोबर चालत आले. दारापाशी सिस्टरनं त्यांना थांबवलं. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं आणि नुसता सॅल्यूट ठोकला. आत जाताना मला हसूही आलं आणि भीतीही वाटली, की हे शेवटचं बघितलेलं तर नसेल?

जाग आली ती तहानेनं. नाकात नळी, मानेत नळी, पोटातून नळी, लघवीची नळी. पाणी मागितलं तर ओला कापूस ओठांवर फिरवला. आयसीयूत दिवस कुठला, उजेड कुठला, काही कळत नाही. मशीन सारखी वाजतात. प्रत्येक आवाज आपल्याच मशीनचा वाटतो.

दुसऱ्या दिवशी पोट फुगलं आणि ताप आला. रक्ताचा रिपोर्ट बघून सर्जन उभ्याउभ्याच सिस्टरशी बोलले आणि मला सगळ्या नळ्यांसकट पुन्हा स्कॅनला नेलं. जोडलेली शीर बंद पडली असेल तर लगेच परत पोट उघडायचं, असं त्यांनी बाहेर ह्यांना सांगितलं होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं, पण लिफ्टमध्ये वॉर्डबॉयनं माझ्याकडं बघायचं टाळलं, तेवढं पुरलं. मला तो वेल्डर आठवत होता. त्याच्या बायकोची रिकामी जागा आठवत होती. वर छताचे दिवे एकामागून एक मागं सरत होते आणि मी नामदेवच्या रक्ताला सांगत होते, बाबा, थांबू नको, वाहत राहा.

स्कॅन झाला. सर्जन स्वतः माझ्याजवळ येऊन वाकले. "वाट उघडी आहे. आतड्यांना इतके महिने रक्त नव्हतं, एकदम मिळालं, म्हणून सूज आलीय. ती उतरेल."

मी रडले तर टाके ताणले. तेव्हा कळलं की टाके आहेत.

मग वॉर्डात आणलं आणि सुरू झालं वेगळंच वाट बघणं. आतडी चालू झाल्याची खूण म्हणजे हवा सरणं. डॉक्टर राउंडला आले की पहिला प्रश्न तोच. सिस्टर तेच विचारायची, मावशी तेच विचारायची, पलीकडच्या खाटेवरची आजी तर मोठ्यानं, "सरली का गं बाई?" जन्मात कुणी विचारलं नसेल ते सगळा वॉर्ड विचारत होता. एका दुपारी सरली. मी स्वातीला खुणावलं. ती धावत बाहेर गेली आणि व्हरांड्यात तिचा आवाज ऐकू आला, "मामा, सरली! आत्यांची सरली!" ह्यांनी पेढे आणायचेच बाकी ठेवले.

पेज

पहिली पेज चार चमचे होती. तांदळाची, मीठ घातलेली. स्वातीनं हॉस्पिटलजवळ भाड्यानं घेतलेल्या खोलीवर करून डब्यात आणलेली. मी चमचा तोंडात धरून ठेवला, गिळेना. स्वाती म्हणाली, "नको वाटलं तर ऱ्हाऊ दे." तिच्या आवाजात राग नव्हता. मी गिळली.

मग आम्ही वाट पाहिली. ती, मी आणि हे. हे खिडकीबाहेर बघायचं ढोंग करत होते. ऑपरेशनची जखम दुखत होती, मांडी दुखत होती, पण ती कळ वेगळी असते, तिला मी अंधारातसुद्धा ओळखलं असतं. मी पोटात कान लावून बसल्यासारखी बसले. भांडी आवरण्याएवढा वेळ गेला. मग त्याच्या दुप्पट.

"आलं का?" ह्यांनी विचारलं.

"न्हाई."

"आता?"

"न्हाई म्हटलं की."

अजून थोडी पेज मिळेल का, असं मी विचारलं. डॉक्टरांनी नको म्हणून सांगितलं होतं. स्वातीनं डबा झाकला आणि माझ्या उशापाशीच ठेवला.

जे सांगायला पाहिजे ते

घरी आले म्हणजे सगळं सुरळीत झालं असं नाही. बरेच दिवस जुलाब होत राहिले. बायपासनंतर काही जणांना होतात म्हणे. मांडीच्या जखमेतून पाणी येत होतं. पोटावर पट्टा बांधून मशीनवर बसायचे तर अर्ध्या ब्लाउजला दम लागायचा. मिसरी सोडणं सगळ्यात कठीण गेलं. सकाळी उठलं की बोट आपोआप डबीच्या जागेकडं जायचं. डबी स्वातीनं उकिरड्यावर टाकली होती. रक्त पातळ करायची गोळी आता जन्मभर.

आणि भीती. तिच्यावर अजून कुणी गोळी दिली नाही. वजन भरलं, ब्लाउजच्या शिवणी बाहेर काढल्या, तरी जेवून उठले की मी मनातल्या मनात थबकते. विकास आणि स्वाती शिरवळला राहायला गेले. जावंच म्हटलं मी. एकदा त्यांच्याकडं जेवताना पोटात जरा मुरडा आला तर पानावरून उठले. वाटाणा बाधला होता. स्वाती मागं आली, पाठीवर हात ठेवून उभी राहिली आणि मुरडा जाईपर्यंत हलली नाही.

कुणाला असं होत असेल तर त्याला माझं एवढंच सांगणं आहे. 'पोट दुखतं' एवढ्यावर थांबू नका. कधी दुखतं, जेवल्यावर किती वेळानं, भूक लागते की नाही, खायला भीती वाटते का, हे डॉक्टरला सांगा. आणि घरच्यांसमोर दुखू द्या. लपून दुखलेलं कुणाला कळत नाही.

परवा सांगलीला तपासणीला गेलो होतो. जोडलेल्या शिरेतून रक्त वाहतंय का ते सोनोग्राफीच्या मशीनवर बघतात. ही तपासणी जवळ आली की आठवडाभर आमच्या घरात कुणी नीट बोलत नाही. सर्जननी ह्यांनाही आत बसू दिलं. पोटावर गार जेल लावलं आणि मशीनचं टोक फिरवायला लागले. पडदा करडा. आवाज काही नाही. त्यांनी टोक जरा वर नेलं, दाबलं, पुन्हा खाली आणलं. कपाळाला आठी पडली. ह्यांनी माझ्या पायाचा अंगठा धरला होता, तो घट्ट झाला.

"श्वास रोखा," डॉक्टर म्हणाले.

मी रोखला. आणि मशीनमधून आवाज आला. फूस, फूस, फूस. पाटाचं दार उघडल्यावर पाणी धावतं तसा, पण ठोक्याठोक्यानं.

"हे काय?" ह्यांनी विचारलं.

"तुमच्या मिसेसचा बायपास. चांगला चाललाय."

डॉक्टरांनी टोक उचललं तसा आवाज थांबला. ते हात पुसायला वळले. हे उभे राहिले होते, डोक्यावरची टोपी हातात.

"साहेब," ते म्हणाले, "परत लावता का एकदा?"

बाहेर पुढचे पेशंट खोळंबले होते. डॉक्टरांनी ह्यांच्याकडं पाहिलं, टोक पुन्हा माझ्या पोटावर ठेवलं आणि आवाज मोठा केला.